मला शिक्षा हवी होती

“झाडू खाली ठेवा, एस्तेरबाई.”

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि झाडत राहिले. सकाळचे साडेसहा वाजले होते. वेदीपासून सुरुवात करून मी मागच्या दोन बाकांपर्यंत आले होते आणि दारात आमच्या नव्या पाळक उभ्या होत्या. गावात येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. बंगल्याच्या ओट्यावर त्यांची खोकी अजून तशीच बांधलेली पडून होती.

“ऐकू आलं ना?”

“आलं. दोन बाकं राहिलीत.”

“राहू द्या. उद्यापासून तुम्ही झाडायचं नाही. मी बायकांच्या पाळ्या लावते.”

“बावीस वर्षं मी झाडतेय.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या आणि पुढं येऊन त्यांनी झाडू धरला. मी सोडला नाही. बाकांच्या मधल्या वाटेत आम्ही दोघी झाडूला लोंबकळलेल्या. मी साठीची, त्या जेमतेम बत्तिशीच्या. झाडू गेला त्यांच्याकडे.

“कुठं केर राहतो ते तरी दाखवा.”

“कुठंच राहत नाही. इतकं लख्ख चर्च मी कुठं पाहिलेलं नाही. पण तुम्ही प्रभुभोजन घेत नाही, असं गावात ऐकलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढं या. सगळ्यांसारखी भाकर घ्या, प्याला घ्या. मग खुशाल झाडा.”

“ते जमायचं नाही.”

“मग हेही नाही,” त्या म्हणाल्या. मला बाहेर घेऊन त्यांनी दाराला कुलूप घातलं.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. आता मी अठ्ठ्याहत्तरची आहे, पण त्या कुलपाचा खटका आठवला की अजून अंगाची लाही होते.

गव्हाळी हे प्रवरेकाठचं आमचं गाव. साठ-सत्तर ख्रिस्ती घरं, एक दगडी चर्च आणि शेजारी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगची ओस पडलेली इमारत. त्या बोर्डिंगची मी शेवटची मेट्रन. ते बंद झाल्यावर बाकीचे लोक नगरला, पुण्याला गेले, मी कंपाउंडातल्याच एका खोलीत राहिले. पहाटे उठून चर्च झाडायचं. शनिवारी फरशी धुवायची. कोणी आजारी पडलं तर रात्र रात्र उशाशी बसायचं. चहात साखर घ्यायची नाही, गादीवर पाठ टेकायची नाही. आणि पहिल्या रविवारी सगळी मंडळी प्रभुभोजनाला उठून पुढं गेली की मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहायचं. बावीस वर्षांत मी त्या भाकरीला हात लावला नव्हता.

का, ते कुणी विचारलं नाही. लोकांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. एस्तेरबाई म्हणजे देवमाणूस. एवढं करते तरी स्वतःला लायक समजत नाही! आया आपल्या पोरींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या. मला ते ऐकवायचं नाही, आणि चार दिवस कुणी बोललं नाही तर करमायचंही नाही.

नव्या पाळक येणार ते पत्र पंच कमिटीचे सेक्रेटरी शलमोनराव बनसोडे यांनी उपासनेनंतर वाचून दाखवलं होतं. ‘रेव्हरंड तबिथा रणनवरे.’ गावात पहिल्यांदाच बाई पाळक येत होती. तिला हाक काय मारायची, यावरच आठवडाभर चर्चा. ‘पाळकबाई’ म्हणजे पाळकाची बायको, इथं तर नवरा नगरच्या शाळेत मास्तर आणि बायको पाळक. शेवटी ‘पाळक मॅडम’ ठरलं. पत्रातलं ‘तबिथा’ हे नाव मी शलमोनरावांना पुन्हा वाचायला लावलं होतं. पण आडनाव निराळं होतं. तबिथा काय, पुष्कळ असतात, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी घरचा झाडू घेतला आणि चर्चच्या फाटकाबाहेरचा रस्ता झाडायला लागले. रस्ता काही त्यांच्या बापाचा नव्हता. बाजाराला जाणारे लोक थांबायचे. शलमोनरावांनी मोटरसायकल थांबवली.

“बाई, हे काय?”

“मला आत बंदी आहे,” एवढंच म्हणाले मी. प्रभुभोजनाचं बोलले नाही.

“कुणी घातली?”

मी बंगल्याकडं नुसती मान वळवली.

आठ दिवसांत गाव पेटलं. ज्या बायकांच्या पाळ्या लावल्या होत्या, त्यातली एकही आली नाही. रत्नमाला पाथरे तर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आमच्या बाईंच्या हातातला झाडू हिसकावून घेतलाय, तो आम्ही नाही धरणार!” मॅडम स्वतःच झाडायला लागल्या. रोज सकाळी त्या आत झाडायच्या, मी बाहेर झाडायचे. मध्ये भिंत. दोघींचे झाडू एकमेकींना ऐकू जायचे. माघार कुणी घेईना.

शेवटी एका दुपारी मीच बंगल्यावर गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. मॅडम मागच्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिले आणि सुरू केलं. म्हातारीचा अपमान केलात, सेवा हिरावून घेतलीत, तुमच्या आधी सहा पाळक येऊन गेले, एकानंही बोट दाखवलं नाही. बरंच बोलले. त्या आपल्या शांतपणे काड्या मोडतायत. मी अजून आवाज चढवला तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं.

“बाई, तुम्ही? कधी आलात? या बाजूला या. त्या कानानं मला ऐकू येत नाही.”

मला त्या बाजूला जाता येईना.

“कुणाची तू?” मी विचारलं.

“मार्तंड साळव्यांची. वांबोरीचे.”

“मला ओळखलंस?”

“गावात आले त्याच दिवशी लांबूनच ओळखलं. चालण्यावरून. आम्ही पोरी तुमची पावलं ओळखायचो बाई, व्हरांड्यात वाजली की गप्प व्हायचो.”

आता मला सांगायला हवं.

चौऱ्याऐंशी साली ती दहा वर्षांची होती, बोर्डिंगमध्ये. परदेशातून मिशनचे पाहुणे आले होते. जेवणाच्या हॉलमध्ये पोरींना रांगेत बसवलं होतं. पाहुण्यांतल्या एका बाईनं दुभाष्याकडून विचारलं, जेवण कसं असतं? सगळ्या पोरी शिकवल्याप्रमाणं म्हणाल्या, छान. तबी म्हणाली, “डाळीत पाणीच असतं.” खरंच होतं ते. वरून येणारं धान्य पुरत नव्हतं आणि ते वर कळवायची माझी हिंमत नव्हती. पाहुणे हसले, निघून गेले. ते फाटकाबाहेर पडल्यावर मी तिला उभं केलं आणि मारलं. एक थप्पड मारून थांबायला हवं होतं. तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं, रडली नाही, म्हणून दुसरी मारली, सगळ्या अंगाच्या जोरानं. ती कानावर बसली. कानातून रक्त आलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ. दवाखान्यात नेताना टांग्यात मी तिला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “चिंचेवरून पडले म्हणून सांग हं, बाळ.” तिनं डॉक्टरांना तेच सांगितलं. बापालाही तेच सांगितलं. बाप तिला घेऊन गेला. जाताना माझ्याच पाया पडून गेला, पोरीला वेळेवर दवाखान्यात नेलंत म्हणून.

त्या आठवड्यापासून मी झाडायला लागले होते.

अंगणात त्या दिवशी ‘मॅडम’ माझ्या तोंडातून कुठल्या कुठं गेलं. “मग घे ना सूड,” मी म्हणाले. “तबे, मार मला. हा कान घे. मार!”

“नाही मारणार.”

“कमिटीपुढं सांग. बिशपांना लिही.”

“नाही.”

“मग मी करू काय?”

“काही नाही. पुढं येऊन भाकर घ्या.”

“फुकट?”

“फुकटच.”

“मला नको फुकट! मी भिकारीण नाही.”

तिनं मेथीची सुपली बाजूला सारली. “ऐका, बाई. शाळेत मला मागं बसवलं की, कुणी बहिरी म्हणून चिडवलं की, मी प्रार्थना करायचे, एस्तेरबाई मरू दे. रोज. सहा-सात वर्षं. मग मलाच त्याचा कंटाळा आला, जीव विटला. एक दिवस मी तुम्हाला सोडून दिलं. तुम्ही इकडं झाडताय की मजेत आहात, मला काही ठाऊक नव्हतं. तुम्ही एक बाक पुसलं नसतं तरी सोडलंच असतं.”

माझी बावीस वर्षं तिनं एका वाक्यात केरात टाकली.

“कुणी सांगितलं होतं तुला?” मी ओरडले. “मला न विचारता माफ करायला कुणी सांगितलं होतं?”

“माफी विचारून करतात होय?”

“तू तुझं सोडलंस. देवाचं काय?”

“त्यानं माझ्याही आधी सोडलंय. तुम्ही रोज सकाळी त्या वधस्तंभाखाली उभं राहता आणि त्याला म्हणता, हे तुझं पुरत नाही, वर माझं थोडं झाडणं घे. त्याला काय वाटत असेल, बाई?”

ते ऐकून मी जास्तच चिडले. “तुझ्या हातून भाकर खाण्यापेक्षा मी अशीच मरेन,” म्हणाले आणि तिथून तडक शलमोनरावांच्या घरी गेले. त्यांना म्हणाले, “लिहा पत्र. ही बाई इथं नको.”

बैठक भरली बोर्डिंगच्या जुन्या जेवणाच्या हॉलमध्ये. उपासनेनंतर तीस-चाळीस माणसं तिथं जमली. मी पुढच्या खुर्चीत बसले होते, माझ्यासाठीच मांडली होती ती. शलमोनरावांनी बदलीची मागणी करणारं पत्र वाचलं आणि विचारलं, “मॅडम, एस्तेरबाईंना तुम्ही का अडवलंत? कारण सांगा. पटलं तर पत्र फाडतो.”

“कारण आहे,” ती म्हणाली. “सांगणार नाही.”

“आम्हाला नाही सांगणार?”

“नाही. ते माझं एकटीचं नाही.”

मग जो तो उठून बोलायला लागला. ती प्रत्येकाकडे उजवा कान वळवत होती, शब्द चुकू नये म्हणून. शिव्यासुद्धा नीट ऐकून घेत होती. कुणी म्हणालं, बाईमाणसाला पाळक केलं की हेच व्हायचं. रत्नमालाचा नवरा मागून म्हणाला, “अहो, अर्ध्या कानाची पाळक! ही काय आपली गाऱ्हाणी ऐकणार?”

लोक हसले. मोठ्यानं हसले.

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. एक नजर टाकली असती तरी पुरे होतं. तिनं नाही बघितलं. शलमोनरावांनी पुढं केलेलं पत्र तिनं घेतलं, वाचल्याची सही करायला पेनाचं टोपण काढलं.

“तो कान मी फोडला,” मी म्हणाले.

मी उभी कधी राहिले ते मला सांगता येणार नाही. “याच हॉलमध्ये. ती दहा वर्षांची होती. ती खरं बोलली म्हणून मी मारलं आणि वर तिला खोटं बोलायला लावलं. चिंच-बिंच काही नव्हती. मी मारलं.”

रत्नमालानं तोंडाला पदर लावला. शलमोनराव खुर्चीत बसले, पुन्हा उठले.

“म्हणजे बाई, एवढी वर्षं आम्ही तुम्हाला…”

“हो. आता शिक्षा द्या मला.”

त्यांनी घाम पुसला. शलमोनराव वाईट माणूस नव्हते. मंडळीची शिस्त त्यांना प्राणापलीकडं. दोघातिघांशी कुजबुजले आणि म्हणाले, “बाईंनी एक वर्ष प्रभुभोजनापासून लांब राहावं. रजिस्टरात तशी नोंद करू. वर्षानंतर बघू.”

खरं सांगते, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं! एक वर्ष. ज्याला शेवट आहे अशी शिक्षा. मी ती हसत भोगली असती. ‘मान्य’ म्हणायला मी तोंडही उघडलं.

“नाही,” पाळक मॅडम म्हणाल्या. टोपण त्यांनी पेनाला लावलं होतं.

“मॅडम, मंडळीत काही शिस्त राहू द्याल की नाही?”

“त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. झालं. आता त्यांच्यावर काही उरलेलं नाही. येत्या रविवारी प्रभुभोजनाचं टेबल मांडलं जाईल, ते त्यांच्यासाठीही आहे. पत्र पाठवायचं तर पाठवा. मी जाईन. पण मी इथं आहे तोवर यांना कुणी मागं बसवायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही.” मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, “आणि यांनी स्वतःसुद्धा नाही.”

पत्र गेलं नाही. पण त्या आठवड्यात माझ्या दारातली वर्दळ थांबली. रत्नमालाकडून यायचं ते दूध बंद झालं. रस्त्यात लोक सलाम करायच्याऐवजी वाट बदलायला लागले. बावीस वर्षांचं देवमाणूसपण सात दिवसांत संपलं. मला वाटलं होतं, सगळ्यांपुढं सांगितलं की ओझं उतरेल, तीच माझी भरपाई होईल. पण त्यानंही भरपाई होईना. कान होता तसाच होता. मी पुन्हा शंभर वेळा सांगितलं असतं तरी तिला त्या कानानं ऐकू येणार नव्हतं.

आपलं कुठं अडलंय ते मला रविवारी सकाळी घंटा झाल्यावर कळलं. लुगडं नेसून मी खोलीत खाटेवर बसले होते, जायचं नाही असं ठरवून. मनात म्हटलं, तिनं माझा हात मागितला असता तर मी तोडून दिला असता. खोली मागितली असती तर त्या दिवशी रस्त्यावर आले असते. मागितलं असतं ते दिलं असतं. आणि ती मागत काहीच नव्हती. नुसतं घे म्हणत होती. साठ वर्षांची बाई मी, मला घेता येत नव्हतं. त्याचाच मला भयंकर राग आला. तिचा नाही, माझा. रागानंच उठले. नम्रपणे वगैरे मुळीच गेले नाही, पाय आपटत गेले.

भाकरीची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरून उठले आणि मधल्या वाटेनं चालत पुढं गेले. सगळ्या माना वळल्या. वेदीपुढच्या कठड्यापाशी रत्नमाला गुडघे टेकून होती. मी शेजारी टेकले तशी ती एक वीत सरकली. मी हलले नाही.

तबिथा ताट घेऊन एकेकापुढून येत होती. माझ्यापाशी थांबली.

“घ्या, बाई.”

हात वर होईना. मी पुटपुटले, “हाच हात आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “हाच पुढं करा.”

मी केला. तिनं त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. बोटाच्या पेराएवढा असतो तो, चावायलाही काही नसतं. मला तो गिळायला फार वेळ लागला. रत्नमाला उठून गेली, बाकीचे उठून गेले, दुसरी रांग येऊन टेकली, तरी मी तिथंच होते. रडत होते म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की बावीस वर्षांत पहिल्यांदा मी देवाला काही द्यायला निघाले नव्हते आणि त्यानं मला हाकलून दिलं नव्हतं.

उपासना सुटल्यावर शलमोनराव पायऱ्यांवर वाट बघत उभे होते. रागावले नव्हते, दुखावले होते. आमच्यामागून लोक उतरत होते, ते हळूहळू थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “निदान वर्षभर तरी थांबायचं होतं. गेल्या रविवारी कबूल केलंत आणि या रविवारी भाकर घेतलीत. लाज नाही वाटली?”

“वाटली.”

“मग?”

“लाजेसकट घेतली.”

“आणि पुढच्या महिन्यात?”

“पुढच्याही महिन्यात घेणार, शलमोनराव. पुढच्या बाकावर, तुमच्या शेजारी बसून. लायक नाही ते मला ठाऊक आहे. तुम्हाला जागा बदलायची असेल तर तुम्ही बदला.”